एका घराण्याचे वर्ष

गाण्याच्या आणि नाटकांच्या वार्ता ज्या पानावर यावयाच्या, तेथे मारामारीचा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. माझे उत्तर एवढेच की, आपल्या बडोद्यात गवई आणि मल्ल यांना एकमेकांचे कधी वावडे नव्हते. दोघेही दरबारचे आश्रित, दोघेही वस्तादाच्या नावाने ओळखले जाणारे, आणि दोघांचीही विद्या बापाकडून मुलाकडे, फार झाले तर जावयाकडे जाणारी. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८६० नंतरच्या दशकात, लुई रूसले नावाचा एक फ्रेंच प्रवासी येथे येऊन राहिला होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात येथील हत्तींच्या साठमारीबरोबरच नखीच्या कुस्तीचेही वर्णन केले आहे. मुठीत शिंगाची नखी धरून एकमेकांना रक्तबंबाळ करणारी ती झुंज म्हणजे जेठी मल्लांची वज्रमुष्टी. कुस्ती आणि मुष्टियुद्ध यांचे ते मिश्रणच होते. तेव्हा ज्या प्रकाराला आजची मुले 'मिश्र युद्धकला' म्हणतात, त्याचे नाव ऐकून गायकवाडीतल्या माणसाने दचकण्याचे कारण नाही.

तबला शिकावयास माझ्याकडे येणारा एक विद्यार्थी संध्याकाळी असल्याच झुंजींच्या तालमीस जातो. अमेरिकेत 'अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप' नावाची जी संस्था या झुंजी भरविते, तिच्या पहिल्या वर्षाची चित्रणे त्याने मला आग्रहाने दाखविली. मी ती पाहिली ती मुलाचे मन राखण्यासाठी. दुसऱ्या रात्रीचे चित्रण मात्र मी स्वतःहून मागून घेतले. कारण मारामारीच्या आड मला तेथे आपल्या परिचयाची एक गोष्ट दिसू लागली होती. ती होती एका घराण्याची. घराण्याने आपली झाकून ठेवलेली विद्या भर सभेत मांडली, ती जिंकली, आणि जिंकली म्हणूनच ती घराण्याची उरली नाही. हे सगळे नोव्हेंबर १९९३ ते डिसेंबर १९९४ या तेरा महिन्यांत घडले.

प्रथम त्या घराण्याची ओळख करून दिली पाहिजे. जपानात कोदोकान या प्रसिद्ध ज्युडो-शाळेत तयार झालेला मित्सुयो माएदा हा मल्ल देशोदेशी कुस्त्या मारीत ब्राझीलला पोहोचला आणि बेलेम शहरी स्थायिक झाला. तेथे ग्रेसी आडनावाच्या कुटुंबातील कार्लोस हा मुलगा त्याच्याजवळ शिकला. कार्लोसने आपल्या भावांना शिकविले. त्यांतला धाकटा एलियो अंगाने किरकोळ होता. ताकदीचा डाव त्याला झेपेना. म्हणून त्याने तोच डाव तरफेच्या न्यायाने, बेताबेताने आणि सवडीने करावयाची रीत बसविली. अशक्ताने सशक्ताला जमिनीवर नेऊन थकवावे आणि त्याच्या सांध्याला किंवा मानेला पकड घालून त्याच्याकडून हार कबूल करवून घ्यावी, हे त्या रीतीचे सार. हार कबूल करावयाची ती हाताने थाप मारून. आपल्याकडे थाप पडली की मैफल रंगू लागते. तिकडे थाप पडली की संपते.

या घराण्याच्या इतिहासात पराभवालाही मानाची जागा आहे. १९५१ मध्ये रिओ येथील माराकानाच्या क्रीडांगणात मासाहिको किमुरा या जपानी वीराने एलियोचा हात पिरगाळून मोडला. एलियोने थाप मारली नाही. शेवटी भावाने मैदानात टॉवेल टाकला. पुढे ग्रेसींनी काय केले म्हणाल, तर त्या पकडीलाच 'किमुरा' हे नाव दिले आणि ती आपल्या तालमीत शिकवू लागले. ज्याने आपल्याला हरविले त्याच्या नावाने डाव शिकविणारी माणसे मला मोठ्या मनाची वाटतात. आपल्या संगीतातही दुसऱ्या घराण्याची चीज उचलली जाते, पण तिचे नाव सांगताना जीभ अडखळते.

एलियोचा थोरला मुलगा रोरियन कॅलिफोर्नियात आला. 'ज्याला आमची विद्या खोटी वाटते त्याने येऊन हात करावा,' हे कुटुंबाचे जुने आव्हान त्याने तेथेही चालू ठेवले. आर्ट डेव्ही हा जाहिरातीच्या धंद्यातला मनुष्य त्याला भेटला आणि दोघांनी मिळून एक कल्पना काढली. कराटेवाला, मुष्टियोद्धा, कुस्तीगीर, सुमो-मल्ल असे निरनिराळ्या पंथांचे आठ वीर एकाच रात्री एकमेकांशी लढवावयाचे आणि कोणती विद्या खरी ते ठरवावयाचे. दोऱ्यांच्या रिंगणातून माणूस बाहेर निसटतो, म्हणून जाळीचा अष्टकोनी आखाडा उभारला. चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे याखेरीज निषेध असा फारसा कशाचा नव्हता. वजनाचे गट नव्हते. घरोघरच्या दूरदर्शन-संचांवर पैसे भरून पाहावयाची सोय होती, आणि पहिल्या रात्री सुमारे ८६ हजार घरांनी ते पैसे भरले.

आता यातली खुबी पाहा. सभा भरविणारा, आमंत्रणे देणारा आणि त्या सभेत आपल्याच घरचा कलावंत पुढे करणारा, हा एकच मनुष्य! आपल्याकडे असे झाले असते तर कुजबूज झाली असती, आणि तिकडेही ती झाली. पण रोरियनने घरातला सर्वांत धिप्पाड वीर निवडला नाही. धाकटा भाऊ रॉयस उंच, सडपातळ आणि शे-पाऊणशे किलोंच्या मल्लांपुढे एखाद्या कारकुनासारखा दिसणारा. त्याला उतरविले ते मुद्दाम. असा माणूस जिंकला तर श्रेय ताकदीला न जाता विद्येला जाईल, हा हिशेब त्यामागे होता. आखाड्यात येताना रॉयसच्या मागेपुढे त्याचे भाऊबंद एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात, अशी रांग करून येत. ते चित्र पाहिले आणि मला मैफलीला निघालेल्या एखाद्या खाँसाहेबांच्या मागे तंबोरे घेऊन चालणारे मुलगे-पुतणे आठवले.

पहिली सभा १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर शहरी झाली. पहिल्याच झुंजीत हॉलंडच्या जेरार्ड गोर्डोने सुमो-मल्लाला २६ सेकंदांत लाथेने लोळविले आणि त्याचा दात पाडला. हे मला पाहवले नाही, आणि ज्यांना पाहवेल त्यांना मी दोष देत नाही. पुढे रॉयस आला. समोर आर्ट जिमर्सन हा मुष्टियोद्धा, एका हातात मोजा आणि दुसरा हात उघडा. रॉयसने त्याला खाली घेतला आणि अंगावर बसला. पुढे काय होणार हे त्या बिचाऱ्याला कळेना, म्हणून त्याने थाप मारून टाकली. उपांत्य फेरीत केन शॅमरॉक हा बळकट मल्ल ५७ सेकंदांत गेला आणि अंतिम फेरीत तो दात पाडणारा गोर्डो १ मिनिट ४४ सेकंदांत. तिन्ही झुंजींचा वेळ मिळवला तर पुरती पाच मिनिटेही भरत नाहीत. वाचकांनी हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढली सारी गोष्ट घड्याळानेच सांगितली आहे.

'गुरुजी, हा काही करतच नाही की!' रॉयस एकाला मिठी मारून जमिनीवर नुसता पडून राहिलेला पाहून माझा विद्यार्थी पहिल्यांदा असेच म्हणाला होता म्हणे. मला मात्र तो काही करीत नाही असे वाटले नाही. विलंबित ख्याल ऐकणाऱ्या नवख्या माणसालाही गवई काही करीत नाही असेच वाटते. रॉयस खाली पाठीवर पडलेला असे आणि वरचा मल्ल त्याला ठोसे मारू पाही. पाहणाऱ्याला वाटे, खालचा हरला. पण खालच्याचे पाय वरच्याच्या कमरेला विळखा घालून बसलेले असत. वरचा जरा उतावळा झाला, हात जरा लांब गेला, की खालचा तो हात उचली. तोवर नुसते थांबावयाचे. सम कोठे आहे हे त्या आखाड्यात एकट्या रॉयसला ठाऊक होते, आणि बाकीचे मात्रा न मोजता हात चालवीत होते.

येथे आपल्या कुस्तीचा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही. जमिनीवरचा धीर आपल्याला अपरिचित नव्हता. बडोद्याच्या संग्रहालयात गामा पहिलवानाने उचललेला म्हणून जो दगड दाखवितात, त्या गामाची लंडनमधली गोष्ट प्रसिद्धच आहे. सप्टेंबर १९१० मध्ये झ्बिस्को हा पोलंडचा मल्ल त्याच्यापुढे पोटावर पालथा पडला तो अडीच तासांहून अधिक वेळ तसाच पडून राहिला, आणि कुस्ती निकाली होईना. पाठ लागली की कुस्ती संपली, हा आपला दंडक. त्यामुळे पाठीवर पडल्यानंतरही लढाई असते, किंबहुना तेथेच ती सुरू होते, हे शिकण्याची आपल्या मल्लांना गरजच पडली नाही. त्याची किंमत गामाच्या पुतण्याला, अक्रम पहिलवानाला, डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत मोजावी लागली. जपानच्या इनोकीने त्याच्या हाताला अशी पकड घातली की हात निकामी झाला. त्या दिवशी अक्रमची ताकद कमी पडली असे नाही. आपल्या शास्त्राचा ग्रंथ जेथे संपतो त्याच्या पुढच्या पानावर त्याला ओढून नेले होते.

दुसरी सभा ११ मार्च १९९४ ची, पुन्हा डेन्व्हरलाच. या वेळी आठांऐवजी सोळा वीर होते. जिंकणाऱ्याला एका रात्रीत चार झुंजी माराव्या लागणार. रॉयसने चार मारल्या. जपानचा कराटेवीर इचिहारा पाच मिनिटे टिकला. बाकी तिघे दीड-दीड मिनिटाच्या आसपास गेले. चारही मिळून सुमारे नऊ मिनिटे! एका रात्रीत चार विजय हा विक्रम त्या संस्थेत पुढे कोणी मोडला नाही, आणि आता तसा प्रकारच राहिला नसल्याने मोडणारही नाही. ग्रेसींचा तो मध्यान्ह होता.

त्या रात्री आणखी एक गोष्ट झाली. जॉन मॅकार्थी नावाचा लॉस एंजलिसचा एक पोलीस अंमलदार प्रथमच पंच म्हणून उभा राहिला. पण त्याला झुंज थांबविण्याचा अधिकार नव्हता. हरणाऱ्याने थाप मारावी, किंवा त्याच्या माणसांनी टॉवेल टाकावा, तरच झुंज थांबावयाची. एखादा बेशुद्धीच्या काठावर असला आणि त्याची माणसे हट्टाने टॉवेल टाकीनात, तर पंचाने नुसते पाहत राहावयाचे. मॅकार्थीने नंतर निक्षून सांगितले की, थांबविण्याचा अधिकार द्या, नाहीतर मी येणार नाही. तिसऱ्या सभेपासून तो अधिकार मिळाला. ज्या सभेचा बाणाच मुळी 'नियम नाहीत' हा होता, तिचा पहिला खरा नियम एका पंचाच्या विवेकातून निघाला.

तिसरी सभा ९ सप्टेंबर १९९४ रोजी शार्लट शहरी भरली. हिच्यात सहाशे पौंडांहून वजनदार सुमो-मल्ल होता, आणि त्याला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या वजनाच्या कीथ हॅकनीने पाडले. पण लोक बोलतात ते रॉयस आणि किमो लिओपोल्डो यांच्या झुंजीविषयी. किमो पाठीवर भला मोठा क्रूस घेऊन आखाड्यात आला. अंगाने दणकट, डोक्याला शेंडीएवढी वेणी. रॉयसने ती वेणीच धरली. दोघे जाळीवर आदळले, खाली पडले, पुन्हा उठले. ४ मिनिटे ४० सेकंदांनी किमोचा हात रॉयसच्या पकडीत सापडला आणि किमोने थाप मारली. जिंकला रॉयसच. मात्र त्याला आधार देऊन न्यावे लागले. पुढच्या झुंजीसाठी तो आखाड्यात येऊन उभा राहिला खरा, पण झुंज सुरू होण्याआधीच त्याच्या बाजूने टॉवेल पडला.

शॅमरॉकनेही दोन झुंजी जिंकून अंतिम फेरीतून माघार घेतली. मग स्टीव्ह जेनम हा ओमाहाचा पोलीस, जो त्या रात्री नुसता बदली म्हणून बसून होता, तो ताजातवाना आत आला, थकलेल्या हॅरल्ड हॉवर्डला दीड मिनिटाच्या आत हरविले आणि विजेतेपद घेऊन गेला. एकच झुंज लढून! मुख्य गवयाचा आवाज बसावा, दुसरा रुसून जावा, आणि साथीला आलेल्याने एक भैरवी म्हणून बिदागी उचलावी, तसे झाले. संस्थेने त्यावरून धडा घेतला. पुढच्या सभेपासून बदली वीरालाही आधी एक झुंज जिंकून यावे लागू लागले.

माझ्या मते त्या वर्षाचा कणा ही तिसरी रात्रच आहे. विद्या खरी असली तरी ती शेवटी एका शरीरात राहते, आणि शरीराला दम लागतो. शिवाय किमोला रॉयसची विद्या येत नव्हती, तरी तो काय करणार हे त्याला आधीच ठाऊक होते. दहा महिन्यांपूर्वी जिमर्सनला ते ठाऊक नव्हते. अंतर पडले ते एवढेच, पण घड्याळाने ते दाखविले.

चौथी सभा १६ डिसेंबर १९९४ ची, टल्सा शहरी. रॉयसने आधी ५१ वर्षांच्या रॉन व्हॅन क्लीफला आणि मग हॅकनीला हरविले. अंतिम फेरीत त्याच्यापुढे आला डॅन सेव्हर्न. हा अमेरिकेतल्या महाविद्यालयीन कुस्तीत मुरलेला मल्ल. वजनाने रॉयसपेक्षा तीस-पस्तीस किलोंनी अधिक आणि जमिनीला न भिणारा. आतापर्यंत रॉयस ज्यांना खाली नेई ते तेथे गोंधळून जात. हा मनुष्य आपणहून त्याला खाली घेऊन गेला आणि त्याच्यावर बसून राहिला. दहा मिनिटे गेली, बारा गेली. रॉयस खालीच होता. पाहणारे म्हणू लागले की आता घराणे बुडाले. इतक्यात रॉयसचे पाय हळूहळू वर सरकले आणि सेव्हर्नची मान आणि एक हात त्या दोन पायांच्या त्रिकोणात अडकले. १५ मिनिटे ४९ सेकंदांनी सेव्हर्नने थाप मारली.

पण दैवाची गंमत अशी की, ती थाप पुष्कळांना दिसलीच नाही. प्रक्षेपणासाठी दोन तास ठरले होते, ते अंतिम झुंज चालू असतानाच संपले आणि ठिकठिकाणी पडदा काळा झाला. पैसे भरून बसलेल्या लोकांनी आरडाओरडा केला आणि त्यांचे पैसे परत करावे लागले. आकाशवाणीवर बडा ख्याल ऐकताना समेच्या तोंडाशी निवेदकाने 'आता बातम्या' म्हणावे, तसा तो प्रसंग. पुढच्या सभेपासून झुंजीला वेळेची मर्यादा आली.

आता घड्याळाचा हिशेब पुरा करू. पहिल्या रात्री तीन विजयांना पाच मिनिटे. दुसऱ्या रात्री चार विजयांना नऊ. तिसऱ्या रात्री एका विजयाला जवळजवळ पाच मिनिटे आणि पुढे चालण्याचे त्राण नाही. चौथ्या रात्री तीन विजयांना पंचवीस मिनिटांहून अधिक. पाचव्या सभेत, ७ एप्रिल १९९५ रोजी, शॅमरॉक पुन्हा रॉयसपुढे आला. पहिल्या भेटीत ५७ सेकंदांत हरलेला हा मल्ल या वेळी ३६ मिनिटे टिकला आणि झुंज अनिर्णित राहिली. रॉयस खालावला होता म्हणून असे झाले नाही. समोरचे शिकले होते. तेरा महिने सारे जग त्या घराण्याची तालीम फुकट पाहत होते. कोणी चित्रणे लावून डाव घोकले, तर कोणी सरळ ग्रेसींच्याच शाळेत नाव घातले. अमेरिकन सैन्याच्या रेंजर पलटणीनेही पुढे त्यांच्याकडून धडे घेतले. जे घरात होते ते पाठ्यक्रमात गेले.

रोरियनने १९९५ मध्येच आपला हिस्सा विकला आणि ते कुटुंब संस्थेतून बाहेर पडले. वेळेची मर्यादा आली की सवडीने लढण्याची आमची विद्या उरत नाही, अशी त्यांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. पुढे १९९६ मध्ये मॅकेन या सिनेटरने या झुंजींना माणसांच्या कोंबडझुंजी म्हणून राज्याराज्यांत बंदीचा लकडा लावला. न्यू यॉर्क राज्याने १९९७ मध्ये घातलेली बंदी २०१६ मध्ये उठली. मधल्या काळात मोजे आले, वजनाचे गट आले, पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या आल्या. २००१ मध्ये अवघ्या वीस लक्ष डॉलरना विकली गेलेली ती संस्था २०१६ मध्ये सुमारे चारशे कोटी डॉलरना गेली. आपल्याकडचे वीरही तेथे पोहोचले. महाराष्ट्रातला भरत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला उतरला आणि मानेच्या पकडीतच हरला. जून २०२४ मध्ये पूजा तोमर या मुलीने तेथे पहिला भारतीय विजय मिळविला.

आणि रॉयस? तो ११ वर्षांनी, २७ मे २००६ रोजी, लॉस एंजलिसला परत आला. त्याच्यापुढे मॅट ह्यूज हा कुस्तीगीर होता. ह्यूजने त्याला पहिल्याच फेरीत हरविले, आणि कोठे हरविले? जमिनीवर! आधी त्याच्या हाताला पकड घातली, मग पाठीवर स्वार होऊन ठोसे दिले. ग्रेसींनी जगाला शिकविलेला धडा जगाने ग्रेसींना म्हणून दाखविला.

हे सारे पाहताना माझे लक्ष आमच्या घराकडे वळत होते. माझे वडील, अण्णा, दरबारच्या गवयांच्या शेवटच्या पिढीतले. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले तेव्हा ते आजोबांच्या मागे तंबोरा घेऊन बसत, आणि पुढेही अनेक वर्षे राजवाड्याच्या खानगी खात्याकडून सणासमारंभाला गात राहिले. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. त्यांनी खूप शिष्य केले आणि मनापासून शिकविले, पण त्यांचा एक दंडक होता: 'अस्ताई सर्वांची, अंतरा घरचा.' काही निवडक चिजांची अस्ताई ते कोणालाही देत. अंतरा मात्र दोन वह्यांत उतरून ठेवलेला असे आणि त्या वह्या देवघरातल्या पेटीत असत. 'तू जप,' एवढेच मला म्हणाले.

हा कृपणपणा नव्हता, हे मला सांगितले पाहिजे. दरबार गेल्यावर गवयाजवळ विकावयास दुसरे काय असते? जी चीज दुसऱ्याला येत नाही तीच त्याची जहागीर. पण याच शहरात, त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी, १८८६ मध्ये मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा काढून चिजा स्वरलिपीत लिहून शिकविल्या होत्या. १९१६ मध्ये भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली तीही बडोद्यातच. त्यांनी घराण्याघराण्यांतून मिळविलेल्या बंदिशी 'क्रमिक पुस्तक मालिके'त छापल्या, तेव्हा अनेक खाँसाहेबांना आपले घर लुटले गेल्यासारखे वाटले. पण ज्या चिजा छापल्या गेल्या त्या आज गायिल्या जातात. ज्या पेटीत राहिल्या त्यांतल्या किती उरल्या, हे जुन्या घरांतल्या मंडळींनी आपल्याच मनाला विचारावे.

अर्थात उघड्यावर आलेल्या विद्येचे काही हरवते, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. आजच्या त्या अष्टकोनी आखाड्यात उतरणारा प्रत्येक वीर थोडे कराटे, थोडी कुस्ती, थोडी ग्रेसींची पकड असे सर्व काही शिकून येतो. सगळे तरबेज आणि सगळे एकमेकांसारखे. एक मोजा घालून आलेला जिमर्सन आता दिसणार नाही, आणि पाठीवर पडून पंधरा मिनिटे वाट पाहणारा रॉयसही दिसणार नाही. आमच्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारी मुलेही अशीच. तान किराण्याची, बोलबनाव आग्र्याचा, लयकारी आणखी कोठली. ऐकावयास गोड, पण डोळे मिटून ऐकले तर कोणाचा शिष्य ते ओळखू येत नाही. गेल्या वर्षी अण्णांच्या वहीतली एक चीज मी वर्गात दिली. एका हुशार मुलीने ती वार्षिक समारंभात गायिली, आणि सुरेख गायिली. पण अण्णा त्या अंतऱ्यात तार षड्जावर जाण्याआधी जे क्षणभर थांबत, ते थांबणे तिच्या गाण्यात नव्हते. ते वहीत लिहिलेलेच नाही. ते आमच्या घरात होते.

एवढे असूनही मी वही परत पेटीत ठेवली नाही. ग्रेसींनी आपली विद्या सभेत आणली नसती, तर ती रिओतल्या एका कुटुंबाची कहाणी होऊन राहिली असती आणि नातवंडांनी ती ऐकवली असती. सभेत आणल्याने ती जगाची झाली आणि रॉयस हरल्यावरही जगली. घराणे हरले, पण विद्येला कोणी हरविले नाही, कारण ज्याने हरविले तोही तिच्याच आधाराने जिंकला. पन्नास वर्षांनी एखादा गवई अण्णांची चीज माझ्याहून सरस गाईल आणि त्याला अण्णांचे नावही ठाऊक नसेल. मला त्याचे वाईट वाटेल, आणि तरी ती गायिली जात आहे याचे समाधान अधिक असेल. त्या मुलीला मी आता ते थांबणे शिकवितो आहे. ते लिहिता येत नाही, म्हणून तिला आठवड्यातून दोनदा घरी यावे लागते.

दोन वह्यांत मिळून एकेचाळीस चिजा आहेत. त्यांतल्या नऊ वर्गात देऊन झाल्या. बाकीच्या एक-एक करून देतो आहे, अंतऱ्यासकट.